१९२.१६८.१.१ : उसन्या आकड्याचा इतिहास

हा भाग ज्यांनी कानात इअरफोन घालून ऐकलाय त्यांचे आभार, आणि ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जिथं वाहवत गेलो तेवढं कापलंय, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.

आजचा इतिहास एका आकड्याचा आहे. घरातला किंवा ऑफिसातला राउटर उलटा करून बघा. खालच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ असं काहीतरी छापलेलं असेल. कुणाकडं १९२.१६८.०.१ असेल, जिओफायबरवाल्यांकडं १९२.१६८.२९.१ असेल. घराणं एकच.

आता गंमत बघा. साताऱ्यात पोवई नाक्यावर एखाद्या सीएच्या ऑफिसात हा आकडा आहे, सांगलीत विश्रामबागेतल्या क्लासमध्ये तोच आहे, आणि ब्राझीलमधल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरातही तोच आहे. पत्ता तर एकमेव असायला पाहिजे ना? एकच पत्ता लाखो ठिकाणी असेल तर पत्र पोचतं कसं?

सांगली-साताऱ्यातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावून देणं आणि बिघडली की बघायला जाणं हे माझं काम. पतसंस्था, अडत पेढ्या, दवाखाने, झेरॉक्सवाले. फोन आला की वाक्य ठरलेलं : "नेट गेलंय, लवकर या." बऱ्याच वेळा नेट गेलेलं नसतंच, पत्त्यांचा घोळ असतो. आणि तो घोळ समजून घ्यायचा तर चाळीसेक वर्षं मागं जावं लागतं.

आधी पोस्टाचा पत्ता

सुरुवात ओळखीच्या पत्त्यापासून करू. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागचं डोकं एका मराठी माणसाचं : श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे जाणकार.

सातारा ४१५००१, सांगली ४१६४१६. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन आकडे टपालाची छाननी कुठं होणार ते सांगतात. उरलेले तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. म्हणजे आकड्याचे दोन भाग : एक 'कुठल्या गठ्ठ्यात' आणि दुसरा 'गठ्ठ्यात कुठं'.

आता विटा घ्या. जिल्हा सांगली, पण पिनकोड ४१५३११. साताऱ्याच्या गठ्ठ्यातला! १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. आसपासची संस्थानं नुकतीच विलीन झाली होती, त्यांचा मुलूखही यात आला. २१ नोव्हेंबर १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. ही झाली महसुलाची रेघ. पोस्टाची विभागणी टपाल छाननीसाठी असते, तिला जिल्ह्याच्या नकाशाशी देणंघेणं नसतं. नकाशावर दोन गावं एका जिल्ह्यात असली तरी टपालाच्या हिशेबात वेगळ्या गठ्ठ्यात असू शकतात.

नेटवर्कमध्ये अगदी हेच होतं. आयपी ॲड्रेस चार भागांचा असतो. छोट्या ऑफिसात साधारणपणे पहिले तीन भाग म्हणजे गठ्ठा आणि शेवटचा म्हणजे त्यातलं घर. ही विभागणी सांगणारा आकडा सेटिंगमध्ये २५५.२५५.२५५.० असा दिसतो, त्याला सबनेट मास्क म्हणतात. कॉम्प्युटर १९२.१६८.१.२० वर आणि प्रिंटर १९२.१६८.०.५० वर असेल, तर दोघं एकाच टेबलावर असले तरी कॉम्प्युटरच्या लेखी प्रिंटर परगावचा. तो कागद थेट प्रिंटरकडं न देता राउटरकडं देतो, आणि राउटरला ते दुसरं गाव माहीतच नसतं. "केबल तर लागलीय की हो!" लागलीय, पण गठ्ठा वेगळा आहे.

४२९ कोटी पत्ते, आणि तरी कमी

इंटरनेटचा पत्ता ३२ बिटांचा. १९७७ च्या सुमारास हा आकार ठरवणाऱ्यांत विंट सर्फ होते. त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की तेव्हा हा एक प्रयोग होता, त्यासाठी ३२ बिट भरपूर वाटले. सप्टेंबर १९८१ मध्ये त्याचा नियम लिहिला गेला. १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं अर्पानेट नावाचं नेटवर्क या नव्या पद्धतीवर आलं, आणि प्रयोग चालूच राहिला. तो आजपर्यंत.

३२ बिटांत एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. ऐकायला प्रचंड. पण १९८१ मध्येच जगाची लोकसंख्या याहून जास्त होती. माणशी एक पत्तासुद्धा पुरणार नव्हता. त्यात सुरुवातीला मोठमोठ्या संस्थांना एकेका झटक्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्त्यांचे सलग तुकडे दिले गेले. वतनं वाटल्यासारखे!

नव्वदच्या दशकात लोकांना कळून चुकलं की हे संपणार. मग दोन-तीन वर्षांत तीन गोष्टी घडल्या. तुमच्या ऑफिसातला राउटर आजही त्या तीनच गोष्टी करतोय.

पहिली : खोलीची किल्ली

ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपीचा नियम आला. राल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेला. त्याआधी बहुतेक ठिकाणी प्रत्येक मशीनमध्ये पत्ता हातानं भरायला लागायचा. डीएचसीपीनं सांगितलं : मशीन चालू झालं की त्यानं मोठ्यानं विचारावं, "मला कुणी पत्ता देतं का?" आणि राउटरनं एक रिकामा आकडा ठरावीक मुदतीसाठी द्यावा.

लॉजवरच्या खोलीसारखं. ५ नंबरची खोली आज तुम्हाला, उद्या दुसऱ्याला. आकडा खोलीचा, माणसाचा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती फार महत्त्वाची होणार आहे.

विचारूनही कुणी उत्तर दिलं नाही तर? मग मशीन स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतं. लॉजचं दार बंद, पाहुणा कट्ट्यावर झोपला, असं समजा. त्यामुळं ऑफिसात गेल्यावर मी पहिल्यांदा कॉम्प्युटरचा पत्ता बघतो. १६९.२५४ दिसलं की कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावण्यात अर्थ नसतो. कॉम्प्युटरचा आवाज राउटरपर्यंतच पोचलेला नाही. केबल, भिंतीतलं सॉकेट, स्विच किंवा खुद्द राउटर, यातलंच काहीतरी.

दुसरी : सगळ्यांचे तेच आकडे

मार्च १९९४ मध्ये काही मंडळींनी सुचवलं, की पत्त्यांचे तीन पट्टे 'खासगी' म्हणून बाजूला ठेवू. १० नं सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे कुणीही आपल्या चार भिंतींत वापरावेत, कुणाची परवानगी नको. फक्त ते बाहेर, खऱ्या इंटरनेटवर जाता कामा नयेत.

यावर भांडण झालं. जुलै १९९४ मध्ये इलियट लिअर आणि इतर तिघांनी विरोधात दस्तऐवज लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं : पत्ता जगात एकमेव असतो यावरच इंटरनेट उभं आहे. तेच सोडलं तर उद्या दोन कंपन्या एकत्र आल्या की त्यांचे पत्ते एकमेकांवर आदळतील, बिघाड शोधणं अवघड होईल.

फेब्रुवारी १९९६ मध्ये सुधारित नियम आला. तोच आजही चालतो. त्याच्या लेखकांत पाचवं नाव कुणाचं? इलियट लिअर. ज्यानं विरोध केला तोच आत आला, आणि नियमात तोटेही स्पष्ट लिहिले गेले. मला हा प्रसंग फार आवडतो. भांडण करायचं, पण लिहून, कारणं देऊन. आणि मग एकत्र बसून मार्ग काढायचा.

तिसरी : आवक-जावक टेबल

आता सगळ्यांचे आतले पत्ते सारखे झाले. बाहेर कसं जायचं? मे १९९४ मध्ये शेल इगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी 'नॅट' ही युक्ती मांडली.

कुठल्याही कचेरीत आवक-जावकचं टेबल असतं. आतल्या कुणीही पत्र लिहिलं तरी बाहेर ते कचेरीच्या पत्त्यानं जातं. कारकून रजिस्टरात नोंद करतो, जावक क्रमांक टाकतो. उत्तर आलं की त्या क्रमांकावरून बघतो आणि योग्य टेबलावर पोचवतो. राउटर हेच करतो, सेकंदाला शेकडो वेळा. बाहेरच्या जगाला तुमच्या ऑफिसातली दहा मशीनं दिसत नाहीत, एकच पत्ता दिसतो.

ही युक्ती मांडणाऱ्यांनीच तिला अल्पकालीन उपाय म्हटलं होतं. तीस वर्षं उलटून गेली. सरकारी खड्ड्यावर टाकलेला तात्पुरता मुरूम आठवला ना?

आपल्याकडं कधी आलं?

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते महानगरांत. आपल्या भागातला मोठा प्रयोग १९९८ चा. वारणा नदीच्या खोऱ्यातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची. वारणानगरचा सहकारी साखर कारखाना, राज्य सरकार आणि केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांचा हा प्रकल्प. नाव 'वायर्ड व्हिलेज'. गावातल्या केंद्रात बसून शेतकरी जगाशी जोडला जाईल, असं स्वप्न.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे अभ्यासक तिथं आले. त्यांना दिसलं की केंद्रांचा खरा उपयोग होतो तो उसाच्या नोंदींसाठी. मग त्यांनी ७ गावांत ८ महिने एक चाचणी घेतली : पीसीऐवजी मोबाईल आणि एसएमएस. निष्कर्ष असा, की पीसीवर होणारं सगळं काम एसएमएसवर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं.

यातून मी माझ्या धंद्यापुरता एक धडा घेतलाय. ऑफिसात गेल्यावर 'कुठला राउटर घेऊ' या प्रश्नाचं उत्तर आधी देत नाही. आधी विचारतो, 'कुठली माहिती कुणापर्यंत पोचायला पाहिजे, आणि बिघडलं तर तुमच्यातलं कोण बघणार?' उद्घाटनाचा नारळ फोडायला सगळे येतात, सांभाळायला एक माणूस लागतो.

मग जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि छोट्या ऑफिसांत मोडेम-राउटरचा डबा पोचला. त्याच्यासोबत १९२.१६८ पण आला.

हळदीच्या पेढीतला प्रिंटर

सांगलीच्या मार्केट यार्डातली एक पेढी. नाव सांगत नाही. सौद्याच्या दिवशी पट्ट्या छापायच्या आणि प्रिंटर रुसायचा. रोज नाही, कधीकधी. शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभे, मालक घामाघूम.

"अहो, मागच्या आठवड्यातच कार्ट्रिज बदललंय," मालक म्हणाले.

"मालक, प्रिंटर रात्री बंद करता का?"

"करतो की. लाइटबिल कोण भरणार?"

तिथंच धागा सापडला. प्रिंटरला कुणीतरी हातानं १९२.१६८.१.५ हा कायमचा पत्ता दिलेला. पण राउटर २ पासूनचे सगळे आकडे वाटत होता, त्याला ५ नंबर राखीव असल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी प्रिंटर सुरू व्हायच्या आधी ज्या दिवशी चार-पाच मोबाईल वायफायला लागायचे, त्या दिवशी ५ नंबर एखाद्या मोबाईलला मिळायचा. मग प्रिंटर उठायचा आणि एकाच खोलीत दोन पाहुणे. १९९४ च्या भांडणातला 'पत्ते आदळतील' हा मुद्दा सांगलीच्या यार्डात हळदीच्या पोत्यांमध्ये जिवंत उभा होता.

उपाय पाच मिनिटांचा. राउटरला सांगितलं की १०० ते २०० एवढेच आकडे वाट. २ ते ९९ आपल्या हातात. प्रिंटर ५ वरच राहिला.

असाच दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आणलेला दुसरा राउटर. त्याचं डीएचसीपी बंद न करता तो तसाच पहिल्याच्या लॅन पोर्टला जोडला, की एका लॉजवर दोन मॅनेजर बसतात. दोघंही किल्ल्या वाटतात. काही मशीनं चालतात, काही नाही, आणि उद्या उलटंच होतं.

'नेट गेलंय' म्हटल्यावर माझा क्रम असा असतो. एकच मशीन बंद आहे की सगळी? मशीनचा पत्ता १६९.२५४ चा आहे की १९२.१६८ चा? राउटरला पिंग होतं का? मग बाहेर ८.८.८.८ ला होतं का? आकड्याला पोचतं पण वेबसाइटचं नाव टाकलं की उघडत नाही, तर दोष नावाचा आकडा करून देणाऱ्या डीएनएसमध्ये. आतनं बाहेर, एकेक पायरी. यातलं काहीच न बघता राउटर रीसेट करू नका. त्यानं कंपनीचं लॉगिनसुद्धा पुसलं जातं आणि दुखणं वाढतं.

आकडा चुकला आणि माणूस तुरुंगात गेला

इथपर्यंत नुकसान प्रिंटच्या कागदाचं होतं. आता लॉजची खोली आठवा.

ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांचा अवमान करणारं चित्र टाकल्याचा आरोप. पुरावा काय? आयपी ॲड्रेस. तो आकडा कुणाचा, हे इंटरनेट कंपनीला विचारलं गेलं, आणि कंपनीनं दिलेलं नाव चुकीचं निघालं. तोपर्यंत त्या माणसानं ५० दिवस येरवड्यात काढले होते. ज्याचा काही संबंध नव्हता, त्यानं.

आपल्या भागात महाराजांबद्दलच्या भावना काय आहेत, मला वेगळं सांगायला नको. म्हणूनच हे ठासून सांगतोय : आयपी ॲड्रेस म्हणजे आधार कार्ड नव्हे. '५ नंबरच्या खोलीत कोण राहतं?' या प्रश्नाला उत्तरच नाही. 'अमुक तारखेला, अमुक वाजता कोण होतं?' याला आहे, आणि तेही लॉजचं रजिस्टर नीट असेल तरच.

आणि तेव्हापासून गुंता वाढलाय. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे मोठे तुकडे वाटून झाले. १५ एप्रिल २०११ ला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही शेवटच्या राखीव तुकड्यावर आला, तिथून पुढं रेशनिंग. मग कंपन्यांनी काय केलं? त्याच नॅटचा मोठा भाऊ आपल्या पातळीवर बसवला. आता अनेक घरं आणि ऑफिसं मिळून बाहेर एकच पत्ता. यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा वेगळा पट्टाही राखला गेला. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामधला दिसला, तर समजा तुमच्या आवक-जावक टेबलापुढं अजून एक आवक-जावक टेबल आहे. ऑफिसातला सीसीटीव्ही डीव्हीआर घरनं थेट आकडा टाकून दिसत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. आणि अशा ठिकाणी आकडा आणि वेळ मिळूनही माणूस सापडत नाही, पोर्ट क्रमांकही लागतो.

खरा उपाय आयपीव्ही६. १२८ बिटांचा पत्ता, प्रत्येक मशीनला स्वतःचा, संपायची भीती नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं तेच आयपीव्ही६ घेऊन, आणि आज भारत हे वापरण्यात जगात पुढच्या रांगेत आहे. हे वाचताना तुमचा मोबाईल बहुधा त्यावरच असेल. पण ऑफिसातला जुना प्रिंटर, हजेरीचं मशीन, डीव्हीआर अजून १९२.१६८ वरच आहेत. त्यामुळं हा आकडा अजून बराच काळ आपल्यासोबत राहणार.

एक पानाची वही

तर सगळ्या इतिहासाचं सार काय? हे आकडे आपले नसतात, उसने असतात. उसनं घेतलं की लिहून ठेवायचं, हे आपल्या आजीलाही माहीत होतं.

राउटरशेजारी एक पान चिकटवा. कुठला आकडा कुठल्या मशीनला कायमचा दिलाय, राउटर कुठले आकडे वाटतो, कधी काय बदललं, आणि तारीख. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका! आणि ऑफिसचं मुख्य वायफाय येईल त्या गिऱ्हाइकाला देऊ नका, गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. बाहेरच्या जगाला तुमच्या वायफायवरचा पाहुणा दिसत नाही, कनेक्शनवरचं नाव दिसतं. पोलीस विचारायला येतील ते त्या नावाकडं.

तुमच्या ऑफिसातल्या राउटरनं असाच छळ मांडला असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेऊ. फक्त एक करा, पाठवायच्या आधी मशीनचा पत्ता बघून घ्या आणि तो कितीपासून सुरू होतो तेवढं सांगा. अर्धं काम तिथंच होतं.

भेटू लवकरच. काळजी घ्या!